पीएच कंट्रोलरवर चालणारा कार्बन डायऑक्साइड संच : वाळूतल्या जिवांच्या प्रयोगासाठी घ्यावा का?

कार्बन डायऑक्साइडमुळे समुद्राचं पाणी आम्लाकडे झुकतंय, यालाच आम्लीकरण म्हणतात. त्याचा वाळूतल्या सूक्ष्म जिवांवर काय परिणाम होतो, हे प्रयोगशाळेत तपासायला हा संच वापरतात. निकाल आधी सांगून टाकू. हा संच टाकीतल्या पाण्याचा पीएच (पाणी किती आम्लधर्मी याचं माप; आकडा कमी तितकं आम्ल जास्त) राखतो आणि तेवढं काम चोख करतो. पण वाळूच्या दोन कणांमधल्या फटीत राहणाऱ्या जिवाच्या अंगाला कसलं पाणी लागतंय, याचा त्याला पत्ता नसतो. हा फरक ज्याला कळला त्याने संच जरूर घ्यावा. पडद्यावरचा ७.७० हा आकडा थेट निबंधात 'जिवांना मिळालेला पीएच' म्हणून लिहिणार असाल, तर मात्र पैसे आणि वाळू दोन्ही वाया जातील.

संचात साधारण इतक्या वस्तू येतात : काचेचा पीएच इलेक्ट्रोड, ०.०१ पर्यंत आकडा दाखवणारा कंट्रोलर, विजेवर उघडमिट होणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, दाब दाखवणाऱ्या दोन घड्याळांचा रेग्युलेटर, सुईचा व्हॉल्व्ह, बुडबुडे मोजायची कुपी, उलट प्रवाह अडवणारा चेक व्हॉल्व्ह आणि नळी. सिलिंडर वेगळा घ्यावा लागतो. मुळात हा संच मत्स्यालयातल्या पाणवनस्पतींना कार्बन डायऑक्साइड पुरवण्यासाठी निघाला. समुद्राच्या पाण्यात प्रयोग करणाऱ्यांनी तो उचलला, कारण तत्त्व तेच आहे. पीएच ठरवलेल्या आकड्याच्या वर गेला की व्हॉल्व्ह उघडतो, खाली आला की मिटतो.

आधी प्रश्नाचं स्वरूप नीट समजून घेऊ, कारण संचाची परीक्षा त्यावरच करायची आहे. माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. औद्योगिक युगापूर्वी पृष्ठभागाच्या पाण्याचा सरासरी पीएच ८.२ च्या आसपास होता, आता तो ८.१ च्या आसपास आहे. फरक ०.१ चाच दिसतो, पण मोजपट्टी लॉगरिदमची असल्यामुळे हायड्रोजन आयनांत ही सुमारे पाव पट वाढ झाली. त्यासोबत कार्बोनेट आयन घटतात आणि चुन्याचं कवच बांधणं महाग पडतं.

समुद्रतळाच्या वाळूत यातलं काय घडतं, हा वेगळा विषय. तिथे राहणारे जीव एक मिलिमीटरच्या चाळणीतून खाली पडतात आणि ६३ किंवा ३२ मायक्रॉनच्या चाळणीवर अडतात. यांना मेयोफॉना म्हणतात. हा शब्द संशोधक मॉली मेअर यांनी १९४२ मध्ये रूढ केला. एका चौरस मीटरमध्ये यांची संख्या दहा लाखांच्या घरात जाते. बहुतेक ठिकाणी सूत्रकृमी सर्वांत जास्त, त्यांच्यानंतर हार्पॅक्टिकॉइड कोपेपॉड (कोळंबीच्या दूरच्या नात्यातले सूक्ष्म प्राणी). मग दोन झडपांच्या कवचातले ऑस्ट्रॅकॉड, गॅस्ट्रोट्रिक, किनोऱ्हिंक, जलअस्वलं, चपटे कृमी. कवच बांधणारे फोरॅमिनिफेरा एकपेशी असले तरी मोजताना याच थाळीत येतात. नुकत्याच तळावर उतरलेल्या शिंपल्यांची पिल्लंही काही आठवडे यांच्यातलीच असतात. त्यांना विसरता कामा नये, कारण सर्वांत जास्त मार तीच खातात.

आता जोडणी. मोठी चूक इथेच होते. नळीचं टोक आणि डिफ्यूझर (वायूचे बारीक बुडबुडे करणारा तुकडा) थेट वाळूच्या भांड्यात सोडतात. बुडबुड्यांनी वाळूचा वरचा थर ढवळतो, कोपेपॉड पाण्यात उडतात, बारीक गाळ निघून जातो, आणि शेवटी फरक दिसला तर तो आम्लामुळे की ढवळण्यामुळे हे सांगता येत नाही. वायू नेहमी वेगळ्या वरच्या टाकीत सोडावा. ती किमान ५० लिटरची असावी, आत एक छोटा फिरता पंप असावा आणि तिथून पाणी गुरुत्वाने थेंबथेंब वाळूच्या भांड्यांत यावं. टाकी लहान असली की व्हॉल्व्ह उघडताच पीएच खाली आपटतो आणि मग तासभर हळूहळू वर चढतो. सरासरी बरोबर येते, पण जिवांना मिळते ती करवतीच्या दात्यांसारखी रेघ. सुईचा व्हॉल्व्ह आवळून बुडबुडे कमी ठेवले, कंट्रोलरमधली चालू-बंदची मर्यादा ०.०२ वर आणली आणि इलेक्ट्रोड डिफ्यूझरपासून टाकीच्या दुसऱ्या टोकाला लावला, की हे दाते बरेच बोथट होतात.

नळी सिलिकॉनची येत असेल तर बदलून टाका. सिलिकॉनमधून कार्बन डायऑक्साइड सरळ झिरपून जातो. पॉलियुरेथेनची नळी घ्यावी. रेग्युलेटरकडेही लक्ष हवं. सिलिंडरमध्ये द्रवरूप वायू शिल्लक असेपर्यंत २० अंश सेल्सिअसला आतला दाब ५७ बारच्या जवळ स्थिर राहतो. म्हणून घड्याळाचा काटा किती वायू उरलाय ते सांगत नाही. द्रव संपला की काटा झपाट्याने पडतो, आणि एकटप्पी रेग्युलेटर असेल तर नेमका तेव्हाच बाहेरचा दाब वाढतो. उरलासुरला वायू टाकीत एकदम घुसतो आणि सहा आठवड्यांचा प्रयोग एका रात्रीत संपतो. उपाय दोन : दोनटप्पी रेग्युलेटर घ्या, आणि सिलिंडर तराजूवर ठेवून दर आठवड्याला वजन लिहा. खोली बंदिस्त असेल तर कार्बन डायऑक्साइडचा अलार्म लावाच. वायू हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे अलार्म जमिनीपासून फार उंचावर नको.

इलेक्ट्रोड ठीक आहे, उत्तम नाही. सोबत ४, ७ आणि १० या पीएचच्या पुड्या किंवा बाटल्या येतात. हे बफर, म्हणजे ठरलेल्या पीएचची द्रावणं, गोड्या पाण्यातले, कमी क्षारांचे. त्यांच्यावर कॅलिब्रेट केलेला इलेक्ट्रोड समुद्राच्या पाण्यात बुडवला की इलेक्ट्रोडमधलं द्रावण आणि बाहेरचं पाणी जिथे भेटतं त्या संधीवरचा विद्युतदाब बदलतो. शिवाय मोजपट्टीही वेगळी. या बफरांवरचा आकडा एनबीएस (अमेरिकेच्या जुन्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सच्या) मोजपट्टीचा असतो, आणि समुद्राच्या रसायनशास्त्रात चालते ती टोटल मोजपट्टी, जी सल्फेटला जोडलेले हायड्रोजन आयनही धरते. दोन्हींत ०.१ ते ०.१५ इतका फरक पडू शकतो. ज्या बदलाचा अभ्यास करायचा तोच ०.३ चा असेल, तर ही चूक लहान म्हणता येणार नाही.

म्हणून कंट्रोलरच्या आकड्याकडे केवळ चालू-बंदची कळ म्हणून पाहा. खरा पीएच वेगळा मोजा. कृत्रिम समुद्रजलात बनवलेला ट्रिस बफर २५ अंशांना आणि ३५ क्षारतेला टोटल मोजपट्टीवर ८.०९ दाखवतो. त्यावर चांगल्या मीटरचा इलेक्ट्रोड तपासा. इलेक्ट्रोडचा उतार (पीएच एकाने बदलला की पडणारा विद्युतदाबाचा फरक) २५ अंशांना ५९.१६ मिलिव्होल्ट यायला हवा. ५७ च्या खाली गेला तर इलेक्ट्रोड म्हातारा झाला असं समजा. त्याहून भरवशाची रीत मेटा-क्रेसॉल पर्पल रंगद्रव्याची. ४३४ आणि ५७८ नॅनोमीटरला स्पेक्ट्रोफोटोमीटरने शोषण मोजायचं आणि त्यांच्या गुणोत्तरावरून पीएच काढायचा. यात कॅलिब्रेशनचं घोंगडं भिजत पडत नाही. फक्त पाणी तापमानस्थिर ठेवावं लागतं, कारण समुद्राच्या पाण्याचा पीएच दर अंशाला सुमारे ०.०१५ ने उतरतो. कंट्रोलरवरचं 'तापमान भरपाई' हे बटण पीएचची ही घसरण भरून काढत नाही. ते फक्त इलेक्ट्रोडचा मिलिव्होल्टचा हिशेब दुरुस्त करतं. पुस्तिकेत हे स्पष्ट लिहिलेलं नसतं आणि अनेकांची फसगत होते.

आकडा उगाच नाचत असेल तर पंप आणि हीटरची पिन एकेक करून काढा. पिन काढताच आकडा ०.१ ने सरकला तर पाण्यात वीज झिरपते आहे. पंप बदला. काम नसताना इलेक्ट्रोड ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवायचा, ऊर्ध्वपातित पाण्यात कधीच नाही.

आणखी एक दोष या संचाच्या कल्पनेतच आहे. पीएच हा कार्बोनेट रसायनाचा एकच कोपरा. कार्बन डायऑक्साइड मिसळला की विरघळलेला एकूण कार्बन वाढतो, अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल शोषून घेण्याची पाण्याची क्षमता, जशीच्या तशी राहते. समुद्रात हेच घडतंय, म्हणून तत्त्व बरोबर आहे. पण बंद चक्रात फिरणाऱ्या पाण्यात जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात आणि त्यात अल्कलिनिटी खर्च होते. पीएच आपोआप घसरतो, कंट्रोलरला वाटतं काम झालं, तो वायू कमी सोडतो. उलट वाळूत शिंपल्यांचा चुरा असेल तर तो विरघळून अल्कलिनिटी वाढवतो आणि कंट्रोलर जास्त वायू ओततो. दोन्ही वेळी पडदा ७.७० च दाखवतो, कार्बोनेटची संपृक्तता (चुना टिकेल की विरघळेल हे ठरवणारं माप) मात्र दोन्हीकडे वेगळी. म्हणून आठवड्यातून एकदा प्रत्येक भांड्यातून अल्कलिनिटीचा नमुना घ्यायलाच हवा. उघड्या समुद्राच्या पाण्यात ती २३०० मायक्रोमोल प्रति किलोच्या आसपास असते. ती मोजायचं टायट्रेशन बरोबर चाललंय का हे पाहायला अमेरिकेतल्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत अँड्र्यू डिक्सन यांच्या प्रयोगशाळेने सुरू केलेलं प्रमाणित समुद्रजल वापरतात. बाष्पीभवनाने क्षारता वाढली तर अल्कलिनिटीही फसवी वाढते. तेव्हा रोज ऊर्ध्वपातित पाण्याची भर घाला.

आता मूळ तक्रार. सूक्ष्म-इलेक्ट्रोड घ्या, ज्याचं काचेचं टोक ५० ते १०० मायक्रॉनचं असतं, आणि मायक्रोमॅनिप्युलेटरने (अगदी बारीक टप्प्यांनी सरकवणाऱ्या यंत्राने) तो २०० मायक्रॉनच्या टप्प्यांनी वाळूत उतरवा. वरच्या पाण्यात आकडा स्थिर. पृष्ठभागाच्या अगदी जवळ, अर्ध्या-एक मिलिमीटरच्या पातळ थरात तो हलू लागतो. वाळूवर डायाटॉम या तपकिरी एकपेशी शैवालाचा लेप असेल आणि दिवा चालू असेल, तर पहिल्या मिलिमीटरात पीएच वरच्या पाण्याहून चक्क जास्त निघतो, कारण डायाटॉम कार्बन डायऑक्साइड खाऊन टाकतात. दिवा मालवा, थोडं थांबा, पुन्हा उतरवा. आता तोच मिलिमीटर वरच्या पाण्यापेक्षा आम्लधर्मी. अजून खाली जिवाणूंचं श्वसन चालतं आणि प्राणवायू संपत येतो, तिथे पीएच ७.५ किंवा त्याखालीही नेहमीचाच. म्हणजे नियंत्रण भांड्यातला, म्हणजे तुलनेसाठी वायू न मिसळता ठेवलेल्या भांड्यातला, सूत्रकृमी दिवसातून अनेकदा अशा पाण्यातून वर-खाली करतो ज्याला आपण 'भविष्यातला समुद्र' म्हणून पेश करणार होतो.

यावरून वाळूतल्या जिवांना आम्लीकरणाची फिकीर नाही असं समजू नये. वरच्या पाण्याचा पीएच उतरला की खालची सगळी उतरंड खाली सरकते. जे आधीच काठावर जगत होते त्यांचा काठ सुटतो. पण हे सिद्ध करायचं तर सूक्ष्म-इलेक्ट्रोडची रेघ हवी, दिव्यात एक आणि अंधारात एक. कंट्रोलरचा आकडा त्या जागी चालणार नाही.

वेळेचा हिशेबही इथेच करू. वाळूत पाणी स्थिर असेल तर विरघळलेला कार्बन डायऑक्साइड फक्त विसरणाने, म्हणजे रेणू आपोआप पसरत, खाली जातो. त्याचा विसरण गुणांक वाळूत साधारण सेकंदाला १०⁻⁹ चौरस मीटर धरा. एक सेंटिमीटर खोल पोचायला सुमारे १४ तास लागतात. अंतर पाचपट झालं की वेळ पंचवीसपट होते, म्हणून पाच सेंटिमीटरला दोन आठवडे. पाच सेंटिमीटरचा वाळूचा स्तंभ घेऊन दहा दिवसांचा प्रयोग केला तर तळाच्या थराला नवं पाणी धड पोचलेलंच नसतं, आणि 'खोल थरावर परिणाम नाही' हा निष्कर्ष पोकळ ठरतो. खऱ्या समुद्रतळाच्या भरड वाळूत लाटा आणि तरंगरेषांमुळे पाणी कणांमधून वाहतं, तिथे हा वेळ बराच कमी. म्हणून भरड वाळूसाठी भांड्यावर हलका प्रवाह ठेवा, किंवा स्तंभ दोन सेंटिमीटरचाच घ्या. पीएच एका झटक्यात ८.१ वरून ७.७ वर नेऊ नका. रोज ०.१ पेक्षा जास्त नको. हार्पॅक्टिकॉइडची पिढी उबदार पाण्यात दोन ते चार आठवड्यांची असते, तेव्हा सहा आठवड्यांहून छोट्या प्रयोगात प्रजननाविषयी फारसं हाती लागत नाही.

संच योग्य वापरला तर निकाल कसे यावेत? ताडून पाहायला नैसर्गिक जागा आहेत, जिथे समुद्रतळातून ज्वालामुखीचा कार्बन डायऑक्साइड बुडबुडतो. इटलीतल्या इस्किया बेटाजवळ अशा झऱ्यांकडे जाताना फोरॅमिनिफेराच्या जाती २४ वरून ४ वर आल्या, आणि उरल्या त्यांत वाळूचे कण चिकटवून घर बांधणाऱ्या जातींचं वर्चस्व होतं. चुन्याचं कवच करणारे मागे हटले. पापुआ न्यू गिनीतल्या झऱ्यांजवळ पीएच ७.९ च्या खाली गेला तिथे फोरॅमिनिफेरा जवळजवळ नाहीसे झाले. हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. शिंपल्यांच्या पिल्लांचं तर आणखी स्पष्ट आहे. ०.२ मिलिमीटरचं मर्सेनेरिया या शिंपल्याचं पिल्लू कार्बोनेट कमी असलेल्या गाळात उतरलं की त्याचं कवच विरघळून ते मरतं. गाळात शिंपल्यांचा चुरा मिसळला की जास्त पिल्लं टिकतात.

सूत्रकृमींच्या अंगावर चुना नाही, कोलॅजनची लवचिक त्वचा आहे, आणि गाळातल्या कमी पीएचची त्यांना सवय आहे. माफक आम्लीकरणात त्यांची एकूण संख्या बहुधा हलत नाही. कधी वाढतेही, कारण त्यांना खाणारे किंवा त्यांच्याशी स्पर्धा करणारे कमी होतात. म्हणून 'एकूण मेयोफॉना' हा आकडा फार भाबडा आहे. सूत्रकृमी इतके असतात की बाकीच्यांचा ऱ्हास त्यांच्या बेरजेत बुडून जातो. प्रत्येक गट वेगळा मोजा. जमेल तर सूत्रकृमी वंशापर्यंत ओळखा.

याच कारणाने संचाइतकंच नमुना काढण्याकडे लक्ष द्यायला हवं, नाहीतर महागडं नियंत्रण शेवटच्या तासात मातीमोल होतं. नमुना १० चौरस सेंटिमीटरचा, म्हणजे सुमारे ३.६ सेंटिमीटर आतल्या व्यासाच्या नळीने घ्यावा. आधी एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ७५ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड हेक्साहायड्रेट घालून केलेल्या द्रावणात दहा मिनिटं ठेवा. गॅस्ट्रोट्रिक आणि चपटे कृमी वाळूला चिकटून बसतात, ते गुंगीत सुटतात आणि आक्रसत नाहीत. नंतर ४ टक्के फॉर्मॅल्डिहाइड, पण बोरॅक्स घालून. साधं फॉर्मॅलिन ठेवल्या जागी आम्लधर्मी होत जातं आणि बाटलीतच फोरॅमिनिफेराची कवचं खातं. आम्लीकरणाच्या प्रयोगात ही चूक झाली तर कवचांची झीज दिसते खरी, पण ती समुद्राने केलेली नसते. पीएचपट्टीने प्रत्येक बाटली तपासा, आणि कवचांसाठी एक वेगळा नमुना ७० टक्के इथेनॉलमध्ये ठेवा.

जीव वाळूतून वेगळे काढायला लुडॉक्स (सिलिकाच्या सूक्ष्म कणांचं जड द्रावण) वापरतात. घनता १.१८ वर आणून सेंट्रिफ्यूजमध्ये तीनदा फिरवायचं, हलके जीव वर तरंगतात. दोन इशारे. समुद्राचं मीठ लागलं की लुडॉक्सचा जेल होतो, म्हणून नमुना आधी गोड्या पाण्याने धुवा. आणि भरलेल्या कवचाचे ऑस्ट्रॅकॉड व फोरॅमिनिफेरा जड असल्याने खाली गाळातच राहतात. नियंत्रण भांड्यातले जाड कवचाचे बुडाले आणि आम्ल भांड्यातले झिजलेले तरंगले, तर निकाल उलटाच निघतो. खालचा गाळ टाकून न देता सूक्ष्मदर्शकाखाली हाताने वेचा.

मेलेले आणि जिवंत यांतही फरक करावा लागतो. कॅलिफोर्नियाजवळ ३००० मीटरहून खोल समुद्रतळावर द्रवरूप कार्बन डायऑक्साइड सोडून केलेल्या प्रयोगांत जवळचे जीव मेले, पण थंड पाण्यात देह लवकर कुजले नाहीत. नुसती मोजदाद केली असती तर काही घडलंच नाही असं वाटलं असतं. रोझ बेंगाल रंग नुकत्याच मेलेल्या देहालाही गुलाबी करतो. फोरॅमिनिफेरासाठी सेलट्रॅकर ग्रीन घ्या, तो जिवंत पेशीतच चमकतो. सूत्रकृमींसाठी काही नमुने रसायनात टाकण्याआधी ताजे पाहून वळवळ मोजा.

पर्याय म्हणून हवा आणि कार्बन डायऑक्साइड ठरावीक प्रमाणात मिसळणारे मास-फ्लो कंट्रोलर मिळतात. महाग आहेत, पण करवतीचे दाते नाहीत, आणि इलेक्ट्रोड बिघडला तरी रसायन बिघडत नाही. कार्बन डायऑक्साइडचा दाब हजार मायक्रो-ॲटमॉस्फिअर असलेलं मिश्रण सतत सोडलं तर उबदार समुद्रजल ७.७५ च्या आसपास आपसूक स्थिरावतं. लांब प्रयोगासाठी आमची पसंती यालाच. हाताशी पैसा बेताचा असेल, अल्कलिनिटी मोजायची सोय असेल आणि प्रयोग दोन-तीन महिन्यांचा असेल, तर पीएच संच पुरतो. एक अट मात्र दोन्हींना लागू आहे. एका संचाच्या एका टाकीतून बारा भांड्यांना पाणी दिलं तर ती बारा पुनरावर्तनं, म्हणजे एकमेकांपासून स्वतंत्र प्रयोग, होत नाहीत, एकच होतं. परिस्थितिकीतज्ज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या चुकीला खोटं पुनरावर्तन म्हणून नाव दिलं आणि ती अजून थांबलेली नाही. किमान चार आम्ल टाक्या आणि चार नियंत्रण टाक्या, प्रत्येक आम्ल टाकीला स्वतःचा इलेक्ट्रोड आणि स्वतःचा व्हॉल्व्ह. चार संचांचा खर्च आधीच धरा.

नियंत्रण टाक्यांना हवा खिडकीबाहेरून ओढा. माणसांनी भरलेल्या बंद खोलीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड सहज हजार पीपीएमपर्यंत चढतो, आणि मग नियंत्रण टाकीही नकळत आम्लीकरणाच्या प्रयोगात सामील होते.